बाळाचे डोळे

ब्याण्णव-त्र्याण्णव साली मी चित्रकला शिकत होतो. माणसं रेखाटायचा सराव म्हणून नाशिकच्या बसस्टँडवर जाऊन बसायचो. एकदा हरसूलच्या गाडीची वाट बघणारी एक बाई दिसली. मांडीवर झोपलेलं बाळ होतं आणि ती त्याच्या कपाळावरून सारखा अंगठा फिरवत होती. बाळ जराही हलत नव्हतं, म्हणून मी खुशीत होतो. चित्र पूर्ण करून तिला दाखवलं.

बराच वेळ बघून ती म्हणाली, "दादा, याचे डोळे उघडे काढा ना. सकाळी दवाखान्यात वारला. बाप द्राक्षाच्या कामाला गेलाय, त्यानं बघितलाच नाय याला."

मी पेन्सिल पुन्हा हातात घेतली. विचारलं, "डोळे कसे होते?"

"माझ्यावानी," म्हणत तिनं मान वर केली.

तिच्याकडे बघत मी बाळाचे डोळे काढले.