हुंकाराची नोकरी

अंबादास तेवीस वर्षं दूध संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांना हुंकार देत आला. कागदावर तो स्वीय सहायक. प्रत्यक्षात साहेब बोलत आणि तो ‘हं’, ‘व्हय’, ‘तर वो!’ म्हणे. दुसरं काम त्याला येत नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी मंगळवार पेठेतल्या माणसाला हुंकारावर कोण कामाला घेणार?

संस्थेनं दूध उत्पादकांचे फोन घ्यायला बोलकं मशीन आणलं. उत्तर पाव सेकंदात, बिनचूक. पण शेतकरी म्हशीचं दुखणं सांगू लागला की मशीन मुकाट ऐके. पलीकडून ‘हं’ येईना, तेव्हा तो ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवून देई.

“याला हुंकार हवाय,” मशीन बसवायला आलेली राजारामपुरीतली इंजिनिअर अस्मिता म्हणाली.

“मग आमचा अंबादास न्या की,” साहेबांनी शेजाऱ्याला शिडी द्यावी तसा तो दिला.

रेकॉर्डिंगच्या खोलीत अंबादास दोन तास गप्प.

“काका, म्हणा ना हं.”

“कुणाला म्हणू? कोण बोलाय तर पायजे की!”

शेवटी अस्मितानं आपल्या घरमालकाची सगळी गाऱ्हाणी सांगितली. तीनशे चाळीस हुंकार मिळाले.

तयार मशीन साहेबांनी स्वतःच्या टेबलावरच ठेवून घेतलं. “जांभई देत न्हाय, चहाला जात न्हाय. तुझ्यापरीस चलाख हाय गा!” अंबादासची खुर्ची दारापाशी गेली. आता ती दाराबाहेर जाणार, हे त्याला दिसत होतं.

वार्षिक सभेत साहेबांनी मशीन माइकशेजारी मांडलं. विरोधक ओरडले, “खुर्ची सोडा!” साहेब उसळले, “मी काय चिकटलोय खुर्चीला? आत्ता सोडतो! सोडू काय?”

“व्हय, व्हय!” मशीन पाव सेकंदात म्हणालं.

आवाज अंबादासचा. चारशे माणसं मागच्या रांगेतल्या अंबादासकडे वळली. तो तोंड मिटून बसला होता, पण विश्वास कुणाचा बसेना. “तेवीस वर्षांनी खरं बोलला बघा!” विरोधकांतला पिराजी ओरडला. टाळ्या पडल्या.

सभा उरकल्यावर साहेबांनी अंबादासला गाठलं. “मला घालवाय निघालास व्हय रं?”

“मी न्हाय बोललो, साहेब. तसल्या जागी मी कधीच बोलत न्हाय. तुम्ही थांबला की ते व्हय म्हणतंय. तुम्हाला काय ऐकायचं असतंय, ते त्याला कळत न्हाय.”

“मग कुणाला कळतंय?”

“मला.”

मशीन परत दिलं तर पिराजी गावभर हसणार. म्हणून अस्मितानं मशीनला एक बटण बसवलं, आणि अंबादासची खुर्ची पुन्हा टेबलाजवळ आली. आता साहेब बोलतात, अंबादास ऐकतो आणि नेमक्या जागी बटण दाबतो.

पहिल्याच दिवशी सवयीनं त्याच्या तोंडून “तर वो!” निघून गेलं. साहेबांनी हात वर केला.

“तू मधी बोलू नगंस गा. त्याला बोलू दे.”

अंबादासनं बटण दाबलं.