हळदीकुंकवाचा बोल्ट

शिरड शहापूरहून सिद्धेश्वरच्या अंगाला निघालं की डाव्या हाताला बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. तिथं वसराम आडेचं घर विचारावं लागत नाही. ज्या घरापुढं लिंबाखाली एखादी गाडी बॉनेट वासून उभी असते, ते त्याचं. दुकान नाही, पाटी नाही. पत्र्याची एक पेटी, त्यात पाने, पकडी, पॉलिश पेपर, चिकटपट्टी आणि एक टेस्ट लॅम्प. म्हणजे बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला पोतं शिवायचा दाभण. या दाभणावर आसपासच्या वीसेक गावांतले ट्रॅक्टर आणि मोटारी उजेड पाडतात.

लोक म्हणतात, वसरामला उपजतच अंग आहे. उपजत वगैरे काही नाही. माणूस इलम शिकतो तो पोटासाठी, नाहीतर हौसेसाठी. वसराम शिकला तो एका माणसाचं नाक ठेचण्यासाठी. त्या माणसाचं नाव विश्वंभरराव.

नऊ वर्षांपूर्वी वसराम शिरडच्या या विश्वंभररावांच्या पांढऱ्या गाडीवर ड्रायव्हर होता. दिवाळी झाली आणि गाडीचे दिवे पिवळे पडू लागले. डावा इंडिकेटर दिला की हेडलाईट त्याच्या तालावर लुकलुकायचा, ब्रेक दाबला की भलताच दिवा पेटायचा. बॅटरी दोनच महिन्यांपूर्वी नवी घातलेली. विश्वंभररावांनी विचार केला, म्हणजे त्यांच्या मते केला. एका सकाळी मारुतीच्या पारावर, दहाबारा माणसांसमोर, त्यांनी वसरामच्या हातातून किल्ली काढून घेतली.

“नवी बॅटरी इकून जुनी बशिवली ह्यानं. शेवटी तांड्यावरचाच. माहाच मूर्खपणा.”

वसरामनं संत सेवालालाची शपथ घेतली. शपथेनं दिवे लागत नाहीत. हिंगोलीहून आलेल्या इलेक्ट्रिशियननं दुसरी बॅटरी बसवली आणि जाता जाता, हाताला सवय म्हणून, बाजूचा एक बोल्ट ब्लेडनं खरवडून आवळला. दिवे लख्ख झाले. गावानं निकाल दिला. स्टार्टर मात्र सगळे दिवस एका झटक्यात फिरत होता, आणि बॅटरी जुनी असती तर तो फिरला कसा असता, हे कोणीच विचारलं नाही. वसरामनंही नाही. त्याला तेव्हा गाडी नुसती चालवता येत होती.

त्यानंतर वसराम हिंगोलीच्या एका गॅरेजात राहिला. तिसऱ्या वर्षी तिथं एक पिकअप आली. स्टार्टर ठणठणीत, दिवे पिवळे. उस्तादनं बॅटरीच्या उण्या टोकावरून एक वायर घेतली आणि नुसती बॉडीच्या पत्र्याला टेकवली. दिवे एकदम पांढरे झाले. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची बारीक वायर बोल्टापाशी गंजली होती, एवढंच. स्टार्टरची जाड वायर वेगळी, ती इंजिनला जाते. म्हणून तो बराबर फिरायचा. वसराम तिथंच टायरवर बसला.

“क्या हुआ रे?” उस्तादनं विचारलं.

“कुछ नहीं,” वसराम म्हणाला, “एक आदमी याद आया.”

दुसरा कोणी असता तर त्याच पावली शिरडला जाऊन खुलासा केला असता. पण न विचारता दारात जाऊन सांगितलेलं सत्य म्हणजे अर्ज, हे वसराम जाणून होता. त्याला अर्ज करायचा नव्हता. त्याला ती गाडी आपल्या दारात यायला हवी होती. आणि ती येणार, याची त्याला खात्री होती. कारण तो बोल्ट का गंजतो ते आता त्याला कळलं होतं.

विश्वंभररावांच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा बॉनेट उघडून व्हायची. नुसत्या चाकाखाली लिंबू ठेवून भागवणारं ते घर नव्हतं. इंजिनालाही प्रसाद पोचला पाहिजे, असा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक. बॅटरीशेजारी पत्र्यावर, अर्थिंगची वायर आवळणारा एक गोल, चकचकीत बोल्ट. यंत्राच्या त्या काळ्या रगाड्यात देव म्हणून हात जोडावा असा तोच एक. तेव्हा त्यालाच हळद, त्यालाच कुंकू, त्यावर अक्षता आणि वरून नारळाचं पाणी. मान मालकाचा, ताट धरायला वसराम. अर्थिंगच्या वायरीनं इतकी भक्ती कुठवर सोसावी?

गॅरेज सोडून वसराम तांड्यावर परतला, लिंबाखाली पेटी मांडली आणि वाट पाहू लागला. दर दसऱ्याला आपट्याची पानं वाटताना तो मनात म्हणायचा, ‘घाला मालक, आनिक एक चमचा घाला.’ मधल्या काळात विश्वंभररावांचे दिवे आणखी दोनदा पिवळे पडल्याची बातमी तांड्यावर आली. पण तेव्हा गाडीवर ड्रायव्हर नव्हता, ते स्वतःच चालवत होते. त्यामुळं बॅटरी चोरल्याचा आळ कोणावर घ्यायचा राहूनच गेला.

या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. परवा पासिंगची तारीख, आणि दिवे मेलेले. नवी बॅटरी झाली, बल्ब झाले, दोन गावचे दोन इलेक्ट्रिशियन झाले. आता बोल्ट एवढा कुजला होता की वरवर खरवडून भागत नव्हतं. शेवटी कोणीतरी सांगितलं, तांड्यावर दाखवा. दुपारी तीनच्या सुमाराला पांढरी गाडी लिंबाखाली येऊन थांबली.

“राम राम, वसरामभाऊ,” विश्वंभरराव उतरत म्हणाले. पूर्वी ते ‘वश्या’ म्हणत.

“राम राम, विश्वंभरराव.” पूर्वी हा ‘मालक’ म्हणे. “पारू, खुर्ची आन. पाहुने आलेत.”

पारुबाईनं खुर्ची आणली आणि नवऱ्याला पाहुण्याला कळू नये म्हणून गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत, विचारलं, “हाच का तो?”

“हाच. मोबाईल घे अन् शूटिंग कर.”

तोवर शेजारची सातआठ माणसं जमली. वसरामनं बॉनेट उघडलं. बोल्ट दिसत नव्हता. जिथं तो असायचा तिथं पिवळ्यालाल रंगाची एक टेकडी होती, कडेला हिरवट बुरशीसारखा गंज, आणि त्यात रुतलेले दोन तांदूळ. एखाद्याला इतकं सुख मिळालं तर तो तिथंच देवाचे आभार मानेल. वसरामनं टेस्ट लॅम्प काढून विश्वंभररावांपुढं धरला.

“धरा.”

“मी? मला काय समजतंय ह्यातलं?”

“नऊ वर्षांमागं लई समजत व्हतं. धरा, भेऊ नका. बारा व्होल्टानं माणूस मरत न्हाई.”

कोणीतरी खुदकन हसलं. विश्वंभररावांनी बाह्या सारल्या. परवाची तारीख डोळ्यांपुढं असली की माणूस बराच नम्र होतो.

“चिमटा बॅटरीच्या अधिकला लावा. व्हय. आता दाभन उण्याला टेकवा. पेटला?”

“पेटला. झकास पेटला.”

“मंजी बॅटरी?”

“चांगली हाय.”

“मोठ्यानं बोला, मागच्यायला ऐकू येत न्हाई. आता हेडलाईट लावा. त्योच दाभन बॉडीच्या पत्र्यावर टेकवा. गंज नसंल तिथं.”

विश्वंभररावांनी दाभण टेकवला. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला आणि तेवढ्यावरच राहिला.

“हे असं काहून?”

“तेच मी इचारून राहिलो. बॅटरी चांगली, मग पत्र्यापोत्तर येईस्तोवर कुठं मरून राहिली?” वसरामनं त्यांच्या हातात एक जाड वायर दिली. “एक टोक उण्याला, दुसरं पत्र्याला. धरा घट.”

त्यांनी धरली. दोन्ही हेडलाईट असे भडकले की समोर बसलेली शेळी उठून बाजूला गेली. वायर काढली, दिवे मेले. लावली, जगले. विश्वंभररावांनी हे चारदा केलं. चौथ्यांदा त्यांचा हात वायरीवरच थांबला आणि नजर त्या पिवळ्यालाल टेकडीवर गेली. काय झालं ते त्यांना कळलं होतं. नऊ वर्षांपूर्वी काय झालं होतं, तेही.

“स्टार्टर मारा,” वसराम हळूच म्हणाला.

“राहू दे ना आता.”

“मारा.”

स्टार्टर एका झटक्यात फिरला.

“जुनी बॅटरी असती तर फिरला असता का, विश्वंभरराव? तवाबी असाच फिरत व्हता. तुमीच म्हनायचे, गाडी कशी एका हाकंत उठती.”

विश्वंभररावांनी घाम पुसला. कपाळाला हळद लागली. “चुकलं, वसरामभाऊ. ह्या सगळ्यायसमोर म्हनतो, चुकलं. झालं?”

“न्हाई झालं. ह्या सगळ्यायनं मला चोर म्हनलंच न्हवतं.”

दहा नंबरच्या पान्यानं त्यानं कुजलेला बोल्ट काढला. पत्रा लख्ख घासला, वायरीचं टोक घासलं. पेटीतून नवा बोल्ट घेतला आणि तो न लावता खिशात टाकला.

“हा मी पारावर बशिवतो. तुमी पयले बोला, मंग मी आवळतो.”

“बोल्ट काय, बाजारात शंभर भेटतेत,” विश्वंभररावांचा जुना आवाज क्षणभर परत आला.

“भेटतेत की. घ्या जाऊन. पारू, ते शूटिंग शिरडच्या ग्रुपवर टाकायलीस का? थांब जरा. पाहुने सोताच्या तोंडानं सांगतो म्हनतेत. तेच बरं दिसतं.”

उन्हाला अजून बराच दम होता, दिव्यांवाचून अडत नव्हतं. दोघांना घेऊन गाडी शिरडच्या पारापुढं थांबली. पारावर तातेराव, रामकिशन आणि आणखी सहासात जण नेहमीच्या जागी होते. विश्वंभरराव उतरले, घसा साफ केला आणि म्हणाले, “ती बॅटरी वसरामनं घेतली न्हवती.”

मग तातेरावांनी विचारलं, “कोन्ती बॅटरी?”

नऊ वर्षं जे वसरामनं छातीवर वागवलं, ते गाव नऊ दिवसांत विसरलं होतं. चोर म्हणून बघायचे ते सवयीनं. कशाचा चोर, ते कोणाला आठवत नव्हतं. पण त्यातली सोय वसरामच्या लगेच ध्यानात आली.

“सांगा की, विश्वंभरराव,” तो म्हणाला. “पयल्यापासून सांगा. त्यायला काय म्हाईत?”

मग विश्वंभररावांना पहिल्यापासून सांगावं लागलं. बॅटरी कधी घातली, दिवे कसे गेले, किल्ली कशी ओढून घेतली. ‘तांड्यावरचाच’ हा शब्द ते गाळून पुढं जात होते. वसरामनं तो मधे घालून दिला. रामकिशनला कमी ऐकू येतं, म्हणून सगळं दुसऱ्यांदा सांगून झालं. बोल्टाला हळदीकुंकू वाहिल्याचं कळलं तेव्हा तातेराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अरे, मंग अभिषेकबी करायचा!” ते म्हणाले. “आन वसराम, तुहं चुकलंच. नैवेद्य दावला असता तर दिवे गेले नसते.”

“मला ताट धरायचंच काम व्हतं, तात्या,” वसराम म्हणाला. पारावरच्या कोणाला त्यानं नऊ वर्षांत ‘तात्या’ म्हटलं नव्हतं.

त्यानं बोल्ट बसवला, आवळला. दिवे लागले. विश्वंभररावांनी गाडी घराकडं वळवली, कोणाकडं न बघता. वसराम रिकाम्या ऑटोतून तांड्यावर परतला.

पारुबाई दारातच होती. “बोलला?”

“दोनदा. रामकिशन बहिरा हाय ना.”

“मंग आता तरी झालं का समाधान? नऊ वर्षं माहं डोकं खाल्लं.”

वसरामनं हातपाय धुतले, पटक्यानं तोंड पुसलं. “वैजनाथ न्हवता पारावर,” तो म्हणाला. “हळद घेऊन वसमतला गेलाय. माही किल्ली घेतली त्या दिशी सगळ्यात जास्ती तोच हसला व्हता.”

“मंग?”

“वैजनाथ उद्या येतो म्हनत्यात. डाव्या इंडिकेटरची वायर मी ढिली सोडलीय. पासिंग परवा हाय, तवा ती आवळायला उद्या परत पारावर जावं लागतंय.”