शेऱ्याचा रकाना

धाकटी जाऊ आमच्या प्रयोगशाळेत लागली ती माझ्या शब्दावर. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते तेव्हापासून मला कळतंय.

आमचं काम म्हणजे रडारच्या लहरी मोजणारी यंत्रं खरं सांगतात का, ते तपासणं. या लहरी झटक्याझटक्याने येतात, मधे सगळं शांत. सरासरीवर गेलं की फसगत. पाहुण्यांना हे समजावताना धाकटी म्हणाली, "दिवसभर गप्प बसून एकदाच किंचाळणारी बाई सरासरीने शांतच ठरते!" सगळे हसले. वाक्य माझं होतं, आणि टाळ्या तिला. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

साहेब निवृत्त व्हायला आले, तेव्हा त्यांनी दोघींना एकेक यंत्र दिलं. "मंगळवार संध्याकाळपर्यंत जी नीट मोजून देईल, तिची सही यापुढे दाखल्यांवर." एकोणीस वर्षं मी त्या सहीची वाट पाहत होते.

जोडणी आवळायला आमच्याकडे एक पाना आहे. हवा तेवढाच जोर लागला की टक् करतो. तो नसेल तर आकडा डळमळतो. तसा दुसरा पाना त्या दिवशी तपासणीला गेलेला. माझं काम दुपारीच उरकलं आणि पाना मी माझ्या पिशवीत टाकला.

धाकटीने खण पालथे घातले. "ताई, पाना पाहिलात का हो?"

"मी काय पान्याची राखण करते?"

दुसरी कुणी हातानेच आवळून मोकळी झाली असती. ही बाई हाताची घडी घालून बसून राहिली. बुधवारी पाना मला टेबलामागे 'सापडला', मग तिने मोजलं. उशीर झाला तो झालाच. सही मला मिळाली, आणि सासूबाईंना ते मीच आधी सांगितलं.

गुरुवारी सहीला पहिला कागद आला तो तिचाच. आकडे कसे, एकाला एक जुळणारे. खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं: 'मंगळवारी मोजमाप थांबवले. कारण: पाना थोरल्या जाऊबाईंच्या पिशवीत होता.'

"हे काय लिहिलंस?"

"कारण लिहायचंच, असं तुम्हीच शिकवलंत ना, ताई."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"पान्याची मूठ पिशवीबाहेर दिसत होती. वाटलं, तुम्हीच काढून द्याल."

आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. आणि सहीच्या जागेवर छापलेलं असतं: वरील सर्व नोंदी खऱ्या आहेत.

तेवढ्यात साहेब आले आणि कागद न बघताच त्यांनी कौतुकाने आपलं पेन पुढे केलं. "करा, पहिली सही आहे तुमची."