एक वर, एक खाली

आमच्या ह्यांना कोट्या करायची खोड होती. चांगल्या कोट्या नव्हेत. भाजीत मीठ जास्त पडलं की ‘आज भाजीला मिठी मारलीस वाटतं’, फिरायला चला म्हटलं की ‘डोकं फिरलंय तेवढं पुरे’, या जातीच्या. पस्तीस वर्षं मी कपाळाला हात लावत आले. निदान पाहुण्यांसमोर तरी गप्प बसा, असं कितीदा सांगितलं असेल. मग दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि ते खरोखरच गप्प बसले.

पाय हळूहळू चालू लागला, उजवा हात थरथरता राहिला. शब्द मात्र गेले ते गेलेच. ह्यांची सगळी नोकरी हवाई दलात, विमानांच्या इंजिनांच्या देखभालीत गेली. निवृत्त झाल्यावर आम्ही लखनौमध्येच राहिलो, वृंदावन योजनेत छोटंसं घर घेतलं. कामावर इंग्रजी, बाजारात हिंदी आणि घरात सांगलीची मराठी, असा आमचा कारभार. झटक्यानंतर इंग्रजी सगळ्यात आधी गेलं, हिंदी अर्धीमुर्धी उरली. टिकली ती मराठी, तीही अडखळत. आता लखनौत मराठी ऐकणारं माणूस कुठून आणायचं? घरात मी, आणि फोनवर मुलगी. ती बंगळुरूला असते. आम्ही मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोन्ही बाजूंना आपण एकच भाषा बोलतोय असं वाटतं.

ह्यांना व्यायामासाठी न्यायचं म्हणून मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. गाडी ह्यांची लाडकी, पंधरा वर्षांची जुनी. मे महिन्यात एकदा सरोजिनी नगरहून परत येताना कानपूर रोडवर गर्दीत अडकलो होतो. ह्यांनी एकदम माझा दंड धरला आणि म्हणाले, “दूध! दूध!”

मी म्हटलं, “अहो, सकाळीच आणलंय दूध. घरी गेल्यावर चहा करते.”

“दूध!” ते पुन्हा म्हणाले आणि समोर बोट दाखवलं. समोर रस्त्याच्या कडेला खरोखरच एक डेअरी होती. मी वैतागले आणि आणखी तीन-चार किलोमीटर गाडी तशीच दामटली. बॉनेटमधून वाफा यायला लागल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोट डेअरीकडे नव्हतं, डॅशबोर्डवरच्या काट्याकडे होतं. काटा लाल रेघेच्या पार गेलेला. उतू जातंय, असं त्यांना सांगायचं होतं. ‘उतू’ हा शब्द सापडला नाही, ‘दूध’ सापडला, तोच त्यांनी दिला. इंजिन कामातून गेलं.

चूक माझी होती. पण ह्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली, कारण वेळेवर शब्द आला नाही. त्यानंतर ते आधी बोलायचे तेवढंही बोलेनासे झाले. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, बेच दो ना यार. इतनी पुरानी गाड़ी में कौन पैसा लगाता है?” मीही कबूल होते. तेवढ्यात हे खुर्चीतून म्हणाले, “इंजिन. बदलू.” सहा महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं ते पहिलंच. मग काय, बदलू तर बदलू.

आलमबागेत, मेट्रोच्या पुलाजवळच्या गल्लीत आमच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाडी घेतली तेव्हापासून तेच तिला हात लावतात. वय पन्नाशीचं, तोंडात कायम सुपारी, स्वतःला ‘हम’ म्हणणारे. आमच्या ह्यांना ते उगीच ‘सर’ म्हणत नाहीत. विमानं दुरुस्त केलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी शेवटचा शब्द. त्यांनी एक बऱ्यापैकी जुनं इंजिन मिळवलं आणि म्हणाले, “सर, आप बस सामने बैठिए. हम आपकी निगरानी में खोलेंगे.”

हे बसले, पण नुसते बसले नाहीत. हवाई दलातली त्यांची एक शिस्त होती: वायर सोडवायच्या आधी तिला चिठ्ठी बांधायची, मग पान्याला हात लावायचा. हात थरथरत असल्यामुळे चिठ्ठ्या लिहायला मला बसवलं. हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी घरी उरली होती, ती आणली. ते वायर बघायचे, डोळे मिटायचे, शब्द शोधायचे. कधी मिनिटभर लागायचं. मिस्त्री पाना हातात धरून शांतपणे थांबायचे. त्यांच्या त्या थांबण्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटलं, कारण मी स्वतः एवढी थांबू शकत नाही. ह्यांनी शब्द सांगितला की मी लिहायची. पंखा. एक नंबर. दोन नंबर. इंजिनला अर्थिंगच्या दोन काळ्या वायरी होत्या, टोकाला गोल कडी असलेल्या. एक इंजिनच्या माथ्यावर बोल्टने कसलेली, दुसरी आत अंधारात, खालच्या अंगाला. त्यांना ह्यांनी नावं दिली, “वर” आणि “खाली”. मी तसं लिहिलं.

मिस्त्रींनी ‘वर’ची पट्टी वाचली आणि हसले. “सर, शादी किसकी है? ये वर कौन है?”

हिंदीत वर म्हणजे नवरदेव. मी हसत समजावलं, “अरे, मराठी में वर मतलब ऊपर.” “अच्छा, ऊपर!” ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. ह्यांच्याही ओठांचा डावा कोपरा जरा हलला. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, जमतंय.

चार दिवसांनी इंजिन बसलं. पहिल्या चावीला चालूही झालं, पण हिवताप भरल्यासारखं थडथडत होतं. मिस्त्री कान देऊन म्हणाले, “मिस मार रही है.” म्हणजे चार सिलिंडरांपैकी एखादा मध्येच दगा देतोय. त्यांनी प्लग बदलले. कॉइल एकमेकींच्या जागी लावून पाहिल्या. बॅटरी दुसरी लावली. स्कॅनर जोडला, तर तो एकदा दोन नंबरचा सिलिंडर खराब म्हणे, एकदा तीन नंबरचा. त्यातून विजेचे चाळे निराळेच. हेडलाइट लावला की काटा उडी मारायचा, ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा दिवा मिणमिणायचा, एसी लावला की इंजिन मान टाकायचं. तीन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी एक सेन्सर बदलूनही फरक पडला नाही तेव्हा माझा पारा चढला.

माझा राग नाकावर असतो, हे सगळं माहेर जाणून आहे. गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत मी म्हटलं, “आपने कबाड़ इंजन हमारे गले मढ़ दिया. सर बोल नहीं पाते, इसलिए!”

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “भाभीजी, पंद्रह साल से इस गाड़ी को हम ही छू रहे हैं,” एवढंच म्हणाले आणि हात पुसायला आत गेले. जिभेला हाड नसतं, दुसरं काय.

घरी आल्यावर हे म्हणाले, “त्यांचं नाही. माझं.” मग बराच वेळ शब्द जुळवत बसले. “एक वायर. राहिली. मी सांगायला… विसरलो.”

“तुम्ही काही विसरला नाहीत.”

“आठवत नाही,” ते म्हणाले. “विसरलो, हे पण आठवत नाही.”

त्यांची भीती गाडीपुरती नव्हती, हे मला तेव्हा समजलं. शब्द गेले हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण डोक्यातलं इंजिन शाबूत आहे, कुठला बोल्ट कुठे जातो हे आपल्याला अजून दिसतं, या एका गोष्टीवर ते तग धरून होते. गाडीने तीही काढून घेतली होती. थोड्या वेळाने त्यांनी कपाटाकडे बोट केलं. वर त्यांची हत्यारांची पेटी होती, नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची. “मिस्त्रींना दे. गाडी विक.” मी ‘बरं’ म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली, कारण रडले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाला आला. मी रिकाम्या सिलिंडरकडे हात करून त्याला म्हटलं, “भैया, खाली वाला बाहर रखा है.” तो घेऊन गेला. मला काही खटकलं नाही, कशाला खटकेल? वीस वर्षं मी तेच म्हणतेय. मग आम्ही रिक्षाने पेटी घेऊन आलमबागेला गेलो.

मिस्त्रींनी आदल्या दिवसाचा विषयही काढला नाही. ह्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. पेटी पाहून मात्र ते म्हणाले, “ये हम नहीं लेंगे, सर.” हे मान खाली घालून बसले. मला कुणाच्याच तोंडाकडे बघवेना, म्हणून मी उघड्या बॉनेटमध्ये बघत उभी राहिले. तिथे वायरींच्या जुडग्याच्या मागे, काळ्या टेपमध्ये नीट गुंडाळून ठेवलेली एक वायर होती. टेपच्या वर पांढऱ्या पट्टीचं टोक डोकावत होतं. अक्षर माझं.

“मिस्त्री जी, ये क्या है?”

“वो? वो तो खाली है, भाभीजी.”

“खाली है तो ऊपर क्यों बाँधा है?”

ते माझ्याकडे बघायला लागले. “अरे, खाली है. कहीं नहीं लगती. आप ही ने तो लिखा है, खाली. हमने सोचा, सर ने देखकर ही लिखवाया होगा.”

मला त्या क्षणी सकाळचा गॅसचा सिलिंडर आठवला. खाली वाला. रिकामा. ह्यांनी सांगितलं होतं मराठी खाली, मी लिहिलं होतं मराठी खाली, आणि मिस्त्रींनी वाचलं होतं हिंदी खाली. ‘वर’ कळला नाही म्हणून त्यांनी विचारला. ‘खाली’ त्यांना कळलेलाच होता, तो कशाला विचारतील? आणि मी, दिवसातून दहा वेळा या भाषेतून त्या भाषेत उड्या मारणारी बाई, शेजारी उभी राहून नवरदेवाच्या विनोदावर हसत बसले होते.

“खाली मतलब नीचे!” मी ओरडले. “मराठी में खाली मतलब नीचे!”

हे खुर्चीतून उठले. थरथरता उजवा हात त्यांनी बॉनेटमध्ये घातला, डाव्या हाताने तो मनगटाशी धरला आणि पाइपांच्या मधून आतल्या अंधाराकडे बोट केलं. “खाली,” म्हणाले. मिस्त्रींनी टॉर्च मारला. तिथे बोल्टचं एक मोकळं भोक होतं, गंजलेलं. जुन्या इंजिनात असं एखादं भोक मोकळं असायचंच, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी गंज खरवडला, टेप सोडला, कडी बसवली, बोल्ट आवळला आणि मला खूण केली. मी चावी फिरवली.

थडथड नव्हती. मिस्त्रींनी हेडलाइट लावायला सांगितला, लावला. काटा जागचा हलला नाही. एसी लावला, ब्रेक दाबला. इंजिन आपलं एका सुरात चालत राहिलं.

मी उतरून मिस्त्रींची माफी मागितली, त्या दोन गिऱ्हाइकांच्या जागी चहावाल्याच्या साक्षीने. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि इथे तर चोरही मीच. ते म्हणाले, “अरे छोड़िए भाभीजी, पूछना तो हमें भी चाहिए था.”

हे बॉनेटजवळच उभे होते. मला वाटलं, दमलेत. जवळ गेले तर म्हणाले, “मी सांगितलं होतं?”

“सांगितलं होतंत. अगदी बरोबर सांगितलं होतंत. आम्हीच नीट ऐकलं नाही.” आणि मग, इतके दिवस जे म्हणायचं राहून गेलं होतं तेही म्हणून टाकलं, “दुधाच्या वेळीही तुम्ही बरोबरच सांगितलं होतंत.”

त्यांनी मान हलवली. मग डोळे मिटले, शब्द शोधताना मिटतात तसे. मिस्त्री नेहमीसारखे थांबले. या खेपेला मीही थांबले. डोळे उघडून त्यांनी त्या काळ्या वायरीकडे बोट केलं, जिला गॅरेजमध्ये सगळे ‘अर्थ’ म्हणतात, आणि एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाले, “अगं, म्हणजे… अर्थच… लागला नव्हता.”

मिस्त्री गोंधळून माझ्याकडे बघायला लागले, सर काय म्हणाले म्हणून. मला सांगता येईना. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच मी नवऱ्याच्या कोटीवर मनापासून हसत होते, आणि पदर डोळ्यांना लावला होता.