कमलम्माच्या टिपाडातला नाग

आमच्या भिंतीला लागूनच कमलम्माचं घर. उदगीरकडची लेक, लातूरची सून. नाकात तपकीर ओढायची सवय इतकी जुनी की त्या नाकाला आता गुलाब आणि गटार सारखंच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गंमत या नाकामुळं झाली.

कमलम्मा कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. कागद टिपाडात, म्हणजे मोठ्या पिंपात, भिजवायचा, कुटायचा, त्यात वाटलेली मेथी मिसळायची आणि पालथ्या भांड्यावर थापायचा. लातुरात कागदाला काय तोटा? क्लासवाल्या पोरांच्या प्रश्नपत्रिका रद्दीत पोत्यांनी मिळतात. आख्खं भौतिकशास्त्र तिच्या टिपाडात भिजत पडलेलं असायचं. पण टोपल्या आता घेतंय कोण? सून अंजू तर टिपाडाजवळून जाताना तोंडाला ओढणी बांधायची.

लेक श्रीशैल नांदेड रोडला पेंटबॉलचं मैदान चालवतो. रंगाच्या गोळ्या मारायची बंदूक असते, तिला मार्कर म्हणतात. पोरांना त्या मार्करवर दर खेपेला नवं सोंग लागतं, आज वाघ तर उद्या नाग. त्यासाठी वरून बसवायची, काढता-घालता येणारी प्लास्टिकची कव्हरं मिळतात. आपल्या उन्हात ती तडकली. श्रीशैल जेवताना कुरकुरला, तशी कमलम्मा म्हणाली, "मी करून देते की. लगद्याची."

"आत्या, आधीच घरात वास मावंना!" अंजू सासूला म्हणाली. "असं करा. रविवारी खेळून झाल्यावर पोरांनी तुमची कव्हरं परत मागितली तर टिपाड राहील. न्हाई तर भंगारवाल्याला."

"हाव. पण मग शब्द फिरवू नको."

म्हातारी कामाला लागली. मोडक्या मार्करला तेलकट फडकं गुंडाळायचं, वर लगदा थापायचा, वाळला की पातीनं दोन फाका करायच्या. चपलेला असतात तसल्या चरचर उघडणाऱ्या पट्ट्या लावल्या की कव्हर तयार. नागाला तर तिनं भोपळ्याच्या बियांचे खवले बसवले, एकेक बी चिकटवून. डोळे असे की मीच मागं सरकलो.

पण लगद्याचं पाणी बदलावं लागतं. नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात पाणी फेकणार कोण? तिनं त्याच पाण्यात नवा कागद टाकला, तो काढून पुन्हा नवा. मी एकदा झाकण उचललं. वर जाड साय, सायीवर बुडबुडे आणि काठाशी पांढरं काहीतरी वळवळतंय. 

"अण्णा, चांगलं मुरलंय का?" म्हणत तिनं कोपरापर्यंत हात आत घातला.

"कमलम्मा, फेक ते पाणी!"

"लातूरचेच ना तुम्ही? पाणी फेकतेत का कुठं?" हाताला चिकटलेली साय तिनं काठावर निपटून परत आत सोडली. मी पुढचे दोन दिवस दह्याला हात लावला नाही.

उन्हात कव्हरं खडखडीत वाळली आणि वास आत दडून बसला. रविवारी मी आणि कमलम्मा मैदानावर गेलो. क्लासची पोरं आली, कव्हरं बघून नाचली. खेळ सुरू झाला, हाताला घाम सुटला, आणि त्या ओलीनं दडलेला वास जागा झाला.

"कुणी मोजे काढले बे?"

"मोजे न्हाई, इथं काहीतरी मेलंय!"

एकजण मास्क वर करून बांधावर ओकला. नागवाल्याचं कव्हर तर गालाशीच. तो डोळ्यांतून पाणी गाळत पुढं सरकला, आणि समोरची फळी गोळी न मारताच पळाली. नागवाल्याच्या फळीनं मैदान मारलं. मग सगळेच कमलम्माभोवती गोळा झाले. "आज्जी, पुढच्या बारीला नाग आम्हालाच! असाच सडका वास पायजे!"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "अण्णा, कसला वास? खरं सांगा."

"फुगलेल्या म्हशीच्या पोटात तोंड घातल्यासारखा."

ती नागाच्या खवल्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "बिया कुणी बघितल्याच न्हाईत का?"

घरी आलो तर अंजू दारातच उभी. श्रीशैलनं फोनवर सगळं सांगितलेलं. "मागितली ना पोरांनी? राहू द्या टिपाड," ती नाक दाबून म्हणाली. शब्दाची पक्की पोरगी.

कमलम्मानं खांदा लावून टिपाड आडवं केलं. काळपट, बुळबुळीत पाणी, त्यात कागदाच्या लडी आणि ते वळवळणारं पांढरं, सगळं गटारीनं निघालं. गल्लीतली दारं धडाधड लागली. "कुणाकडं मुडदा पडलाय रे?" कुणीतरी ओरडलं.

"माझं काम न्हाई मागितलं त्यांनी," कमलम्मा म्हणाली. "घाण मागून राहिलेत. घाणीसाठी हात कशाला लागतेत माझे?"

अंजू कोपऱ्यात जाऊन ओकली. तोंड धुऊन आत गेली आणि पिण्याच्या साठ्यातली भरली घागर कमरेवर घेऊन आली. टिपाड उभं करून घासलं, धुतलं, घागर त्यात रिकामी केली.

"आत्या, ह्यात नवा कागद भिजवा. पाणी परवा मी फेकणार. बोलायचं न्हाई."

म्हातारीनं तपकिरीची डबी काढली, जरा बघितली आणि परत कमरेला खोचली.

"फेकू नको," ती म्हणाली. "दारच्या जास्वंदीला घाल."