आजीचा हुंकार

येडगावच्या मंदिरात मी सर्पदंशावर बोलत होतो. डॉक्टर होऊन इतकी वर्षं झाली, तरी माईक हातात आला की मी सुटायचोच. पुढे बसलेली एक आजी वाती वळत ऐकत होती. दर वाक्याला ती तोंड उघडायची आणि तसंच मिटायची. शेवटी मी विचारलं, "आजी, काही विचारायचंय का?"

"न्हाई वो. हुंकार द्यावा म्हनते, पन तुमी थांबतच न्हाई."

"साप चावला, की आधी दवाखाना गाठायचा," म्हणालो आणि थांबलो.

"हं," आजी म्हणाली. मागूनही दोन-चार हुंकार आले.

तिचं नाव विचारायचं राहिलं. आता कुठंही बोलताना मी तिच्या त्या 'हं'पुरती जागा सोडतो. बहुतेक वेळा ती कुणीतरी भरतं.