ड्रोनला लावलेलं कुंकू

माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, चांगली नोकरी सोडून शिवाजीनगरच्या गाळ्यात पिकांवर औषध फवारणारा ड्रोन बनवला. मी वायरिंग करायचे आणि भांडायचे. अशा ड्रोनच्या नमुन्याला सरकारी प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय एकही विकता येत नाही. पास झालेला नमुना पुढे जसाच्या तसा बनवायचा; मोटर बदलली तरी पुन्हा मंजुरी. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. विषाची टाकी घेऊन उडणारं यंत्र तपासूनच सोडायला हवं.

चाचणीला न्यायच्या दिवशी आईनं बसवनगुडीच्या घरी त्याची पूजा मांडली. आमच्याकडे नवी स्कूटरसुद्धा चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही. "आई, स्वल्पच लाव गं," अण्णा म्हणाला. ऐकते कसली! झेंडूची माळ घातली, ओलं कुंकू चांगलं बोटभर लावलं, ओवाळलं. माळ आम्ही वाटेत काढली. कुंकू पुसायला मात्र दोघांचाही हात धजेना.

मैदानात ड्रोन वर गेला आणि उंची धरेचना. वर-खाली, वर-खाली. तपासणी अधिकाऱ्यांनी उतरवायला लावला. ड्रोनला उंची हवेच्या दाबावरून कळते; त्यासाठी आत हवा जायला झाकणाला एक बारीक भोक असतं. तिथंच कुंकू वाळून बसलं होतं. अण्णानं खिशातून पिन काढली. "आता हात लावायचा नाही," अधिकारी म्हणाले. रागानं नाही, कंटाळून. चाचणीला दिलेलं यंत्र मध्येच दुरुस्त करता येत नाही. नापास. अर्ज पहिल्यापासून.

तो अर्ज रांगेत असतानाच आमची मोटर बाजारात यायची बंद झाली. दुसरी मोटर म्हणजे दुसरा नमुना, पुन्हा सगळं नव्यानं. अण्णा गाळ्यात नुसता बसून राहायचा. मला त्याचा राग आला, आईचा आला, अगदी देवाचाही आला. शेवटी गाळा सोडला. आता तो के. आर. पुरमला कुणाच्या तरी ऑफिसात नोकरीला जातो.

खरं कारण आम्ही आईला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं, डोंबल? ड्रोन तिच्या खोलीत खिडकीखाली पडून आहे. रोज सकाळी देवपूजा झाली की ती त्याला कुंकू लावते. त्याच जागी, बोटभर.

"या खेपेला होईल बघ," ती म्हणते.

"सरी आई, बरं," अण्णा म्हणतो आणि डबा घेऊन निघतो.